औषध किती दिवस घ्यावयाचे?

औषधांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधापाशी थांबतात. कोणी कोणत्या साली कोणता अर्क काढला, तो प्रथम कोठल्या रुग्णालयात दिला गेला, पदक कोणास मिळाले, हे सारे तपशिलाने नोंदलेले सापडते. पण ज्यांनी ते औषध घेतले त्यांनी ते पुढे किती वर्षे घेतले, केव्हा सोडले, सोडल्यावर त्यांचे काय झाले, हे शोधू गेल्यास पाने कोरी लागतात. मनाच्या विकारांवरील औषधांच्या बाबतीत ही उणीव फारच ठळक आहे. नैराश्यावरची पहिली परिणामकारक औषधे निघाली १९५७ साली. ती सुरू कशी करावी हे सांगणाऱ्या ग्रंथांनी कपाटे भरली; थांबवावी कशी याचा नेटका अभ्यास मात्र गेल्या काही वर्षांतच हाती घेतला गेला आहे.

या पृष्ठांत हा विषय घेण्यास आम्हांस दोन कारणे आहेत. पहिले घरगुती आहे. रायपुरातील ज्या समता कॉलनीत (येथील पाट्यांवर ती ‘कॉलोनी’ असते, आणि बोलताना आम्हीही आता तसेच म्हणतो) आम्ही राहतो, तेथे रक्तदाबाची गोळी चहाच्या कपाशेजारी उघडी पडलेली असते, मधुमेहाच्या गोळीची चर्चा चौबे कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत चालता चालता होते. पण नैराश्यावरची गोळी कपाटात साड्यांच्या घडीखाली राहते. तिला नावही नीटसे नाही. डॉक्टर हिंदीत ‘अवसाद’ म्हणतात, आम्ही मराठीत ‘नैराश्य’ लिहितो, आणि घरात ती ‘टेन्शनची गोळी’ किंवा ‘झोपेची गोळी’ असते, जरी ती पुष्कळदा या दोहोंपैकी काहीच नसते. जिचे नाव घ्यावयाचे नाही ती वस्तू किती दिवस घ्यावयाची हे विचारणार कोण? म्हणून काही घरी ती पंधरा दिवसांत बंद होते आणि काही घरी जुनीच चिठ्ठी दाखवून पंधरा वर्षे चालू राहते.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे, आणि ते पहिल्याहून कमी जवळचे नाही. या औषधांमागे जो विचार उभा राहिला, त्याचे मूळ अक्षरशः एका मुळात आहे. आणि ते मूळ आमच्या छत्तीसगडच्या जंगलांत, सालवृक्षांच्या सावलीत उगवते. ते सर्पगंधेचे मूळ.

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे झुडूप. पांढरी-गुलाबी फुले, लालसर देठ, पिकल्यावर काळी पडणारी फळे आणि कमालीचे कडू मूळ. उत्तर हिंदुस्थानात तिला ‘छोटा चाँद’ आणि ‘धवलबरुआ’ म्हणतात. बिहारकडे तिची ओळख वेड्यांचे औषध म्हणूनच होती. सर्पदंशावर, रडून न झोपणाऱ्या मुलास शांत करण्यावर आणि भ्रमिष्ट माणसाचा उन्माद उतरविण्यावर तिचा उपयोग परंपरेने होत आला. तिचे शास्त्रीय नाव ज्यावरून पडले तो लेओनहार्ट राउवोल्फ हा सोळाव्या शतकातील ऑग्सबुर्गचा वैद्य. तो पश्चिम आशियात हिंडला, परंतु हिंदुस्थानात कधी आला नाही. ज्याने झाड पाहिले नाही त्याचे नाव झाडास, आणि जे पिढ्यान् पिढ्या ते उकरीत आले त्यांचे नाव कोठेच नाही, असो.

१९३१ साली दोन कामे जवळजवळ एकाच वेळी झाली. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळातून अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी एकास, संस्थेचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ, ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा ही उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. दोन व्याधी, एक मूळ, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढच्या सर्व गोंधळाचे बीज त्यातच आहे. हे काम इंग्रजीत छापले गेले होते, तरी युरोप-अमेरिकेने त्याकडे जवळजवळ दोन दशके पाहिले नाही. त्यास पाहावयास लावले मुंबईच्या रुस्तुम जाल वकील यांनी. के. ई. एम. रुग्णालयातील या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील सर्पगंधेचा अनुभव मांडला. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यावरून ते औषध अमेरिकेत नेले. १९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी त्यातील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले; त्याचे नाव रेसर्पीन. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड इस्पितळाच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. वकील आणि क्लाइन या दोघांसही १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. मधल्या काळात हिंदुस्थानातील जंगलांतून मुळांची इतकी उपटणी झाली की १९५५ साली भारत सरकारला कच्च्या मुळांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली.

येथवरची कथा गौरवाची आहे आणि ती आपल्याकडे पुष्कळदा अभिमानाने सांगितली जाते. आमच्या विषयाची कथा मात्र येथून पुढे सुरू होते.

१९५४ सालीच वॉशिंग्टनचे डॉक्टर एडवर्ड फ्राइस यांनी एक लहानसा अहवाल प्रसिद्ध केला. रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांस नैराश्याने ग्रासले होते. माणसे रक्तदाब घेऊन आली होती, मनाची त्यांची काही तक्रार नव्हती. गोळी महिनोन् महिने चालली, रक्तदाब उतरला, आणि त्यासवे जगण्यावरचे मनही उतरले. ‘दीर्घकाळ’ हा शब्द त्या अहवालाच्या मथळ्यातच होता. औषध पहिल्या पंधरवड्यात काय करते आणि वर्षभरात काय करते या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही खूण आधुनिक मनोविकारशास्त्रास ज्या औषधाने प्रथम पटविली ते आपल्या अरण्यातील मूळ होते.

मौज अशी की याच्या अगदी उलट साक्षही त्याच सुमारास पुढे आली होती. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस व मायकेल शेफर्ड यांनी चिंता आणि खिन्नता असलेल्या रुग्णांपैकी काहींस रेसर्पीन व काहींस तशीच दिसणारी निर्गुण गोळी देऊन तुलना केली, आणि १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये कळविले की रेसर्पीन घेणाऱ्यांस अधिक बरे वाटले. मनोविकारांच्या क्षेत्रात निर्गुण गोळीशी रीतसर तुलना करून झालेली ही अगदी आरंभीची चाचणी. पद्धतीच्या दृष्टीने ती फ्राइस यांच्या निरीक्षणाहून कितीतरी भक्कम होती. तरीही ती विस्मृतीत गेली, आणि ‘रेसर्पीन नैराश्य आणते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत कायम झाले. २००३ साली जुने अहवाल पुन्हा चाळले गेले, तेव्हा या वाक्यास असावा तितका आधार नाही असा निष्कर्ष निघाला.

चाचणी हरली आणि निरीक्षण जिंकले, असे का झाले? आमच्या मते याचे कारण त्या निरीक्षणास एक सुबक सिद्धान्त मिळाला, हे होय. १९५५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की रेसर्पीन दिल्यावर शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. एकीकडे साठा रिकामा, दुसरीकडे मन रिकामे. दोहोंची सांगड घालण्यास फार वेळ लागला नाही. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नैराश्य हे मेंदूतील अशाच एका रासायनिक द्रव्याच्या उणिवेमुळे येत असावे अशी उपपत्ती मांडली, आणि रेसर्पीनची हकीकत हा तिचा एक खांब होता. शिल्डक्राउट स्वतः सावध होते; त्यांनी उपपत्तीस उपपत्तीच म्हटले. पुढे इतरांनी सेरोटोनिन या दुसऱ्या द्रव्याविषयी तेच म्हटले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते रुग्णाच्या कानी पडू लागले ते असे: “तुमच्या मेंदूत एक द्रव्य कमी आहे, ही गोळी ते भरून काढते.”

या वाक्याचे परिणाम कोणी नीट मोजले असतील असे आम्हांस वाटत नाही. जे कमी आहे ते भरावे लागते. आणि पुन्हा कमी होईल म्हणून पुन्हा भरावे लागते. मधुमेह्यास इन्सुलिन तसे यास हे, ही उपमा डॉक्टरांच्या तोंडी रुळली. ती रुग्णाच्या मनातील लाज कमी करण्यासाठी सद्‌भावनेने दिली जाई, हे आम्ही मान्य करतो; एखाद्या सुनेला ‘तू आळशी नाहीस, हा आजार आहे’ असे सांगावयास त्या उपमेचा फार उपयोग झाला. परंतु ‘किती दिवस’ या प्रश्नाचे उत्तरही तिने गुपचूप देऊन टाकले: जन्मभर. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचे निरीक्षण करून जे उत्तर मिळवावयाचे ते एका उपमेतून मिळाले. २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरोटोनिनविषयीच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेऊन या उणिवेचा सुसंगत पुरावा मिळत नसल्याचे म्हटले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या गदारोळात ‘सिद्धान्त खोटा म्हणून औषध निकामी’ असा निष्कर्ष काहींनी काढला. तो बरोबर नाही. तापावरची गोळी ताप उतरविते म्हणून ताप गोळीच्या अभावाने आला होता असे ठरत नाही, तसेच हेही.

नैराश्यावरची खरी औषधे आली ती या सिद्धान्ताआधी, आणि तीही योगायोगाने. १९५२ साली न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरुग्णालयात नवी क्षयरोधक औषधे दिली जात होती. त्यांतील इप्रोनियाझिड घेणारे मरणासन्न रुग्ण उठून बसले, जेवू लागले, हसू लागले, वॉर्डात नाचल्याच्याही हकीकती छापून आल्या. त्यातील उल्हासाचा गुण नैराश्यावर वापरावा, हे १९५७ साली पुढे मांडणाऱ्यांत आपले सर्पगंधावाले क्लाइनच होते. पण त्या औषधाने काहींस कावीळ होऊ लागली आणि १९६१ साली अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यात आले.

दुसरे औषध अधिक टिकले. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेन येथील सरकारी मनोरुग्णालयात रोलंड कून हे डॉक्टर गायगी कंपनीने पाठविलेले एक द्रव्य निरनिराळ्या रुग्णांस देऊन पाहत होते. भ्रमिष्टांवर त्याचा उपयोग होईना; १९५६ च्या जानेवारीत ते खिन्नतेच्या एका रुग्णास देऊन पाहिले, आणि थोड्याच दिवसांत तिची कळा पालटली. १९५७ च्या ऑगस्टमध्ये कून यांनी चाळीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढल्याच महिन्यात झुरिकच्या जागतिक परिषदेत त्यावर भाषण केले, ते ऐकावयास डझनभर माणसे होती. ते औषध म्हणजे इमिप्रमिन. कून यांचे नाव मोठे झाले. त्यांच्या इस्पितळातील कागदपत्रे अलीकडे स्विस इतिहासकारांनी तपासली आणि २०१९ साली त्यावरचा ग्रंथ निघाला, तेव्हा दिसले की तेथे कित्येक वर्षे निरनिराळ्या द्रव्यांच्या चाचण्या रुग्णांस पुरेसे न सांगता, त्यांची संमती न घेता चालल्या होत्या. ज्यांच्या शरीरावर हे ज्ञान उभे राहिले त्यांस विचारले गेले नव्हते, ही गोष्ट या इतिहासात एकदाच घडलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. औषधे येण्यापूर्वीपासून वैद्यांस ठाऊक होते की नैराश्याचा झटका पुष्कळदा काही महिन्यांनी किंवा वर्षाभराने आपोआप ओसरतो, आणि पुष्कळांस तो पुन्हा येतो. म्हणून आरंभीचा विचार साधा होता: झटक्याचा काळ सरेपर्यंत औषधाची छत्री धरावी आणि पाऊस थांबला की मिटावी. पाऊस थांबला हे ओळखावयाचे कसे, एवढाच प्रश्न. १९७३ साली ब्रिटनमध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी काहींचे औषध आणखी सहा महिने चालू ठेवून आणि काहींस निर्गुण गोळी देऊन पाहिले. औषध घेणाऱ्यांपैकी २२ टक्के पुन्हा आजारी पडले, निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकी ५० टक्के. येथून ‘बरे वाटल्यावरही सहा महिने’ हा नियम पक्का झाला, आणि तो शहाणपणाचा आहे. १९९० साली पिट्सबर्गमध्ये वारंवार नैराश्य येणाऱ्या १२८ रुग्णांवर तीन वर्षांची चाचणी झाली; पूर्ण मात्रेत इमिप्रमिन चालू ठेवलेल्यांस पुनरावृत्तीपासून चांगले संरक्षण मिळाले. तेव्हापासून वारंवार आजारी पडणाऱ्यांस औषध वर्षानुवर्षे देण्याची प्रथा रूढ झाली. २००३ साली अशा ३१ चाचण्यांतील ४,४१० रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला: औषध बंद केलेल्यांत ४१ टक्के, चालू ठेवलेल्यांत १८ टक्के पुन्हा आजारी.

आकडे बोलके आहेत. परंतु त्यांत एक गाठ राहून गेली होती. या चाचण्यांत औषध बंद केले जाई ते बहुधा थोडक्या दिवसांत. आणि अशा रीतीने औषध तोडल्यास शरीर स्वतःच कुरकुरते, हे इमिप्रमिन बाजारात आल्यावर दोनतीन वर्षांतच ध्यानात आले होते. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्रेमर, क्लाइन (हे डोनाल्ड, नेथन निराळे) आणि फिंक यांनी इमिप्रमिन थांबविल्यावर मळमळ, डोकेदुखी, चक्कर, थंडी वाजणे, झोप उडणे अशी लक्षणे उद्भवतात याचे व्यवस्थित वर्णन केले. तो लेख छापला गेला, वाचला गेला, आणि बाजूस ठेवला गेला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्झेटिनला मान्यता मिळाली आणि त्याच्या कुळातील औषधे जगभर पसरली. तीही थांबविताना चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, अकारण रडू, बेचैनी असे त्रास होऊ लागले. त्यास व्यसनाशी जोडलेला शब्द लागू नये म्हणून ‘खंडनलक्षणे’ अशा अर्थाचे सौम्य नाव योजण्यात आले, आणि ती आठवड्या-दोन आठवड्यांत जातात असे पुस्तकांत लिहिले गेले. ज्यांची जात नव्हती त्यांस काय सांगितले जाई? ‘तुमचा जुना आजार परतला आहे, औषध पुन्हा सुरू करा.’ औषध सुरू होताच त्रास थांबे, आणि आजार परतलाच होता याची खात्री पटे. हे वर्तुळ असे पक्के बसले की त्यातून बाहेर पडण्यास साठ वर्षे लागली. २०१९ साली ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने ही लक्षणे काहींस तीव्र व दीर्घकाळ होऊ शकतात हे जाहीरपणे मान्य केले.

जुन्या आकड्यांतील ४१ टक्क्यांत खरे नैराश्य किती आणि औषध तुटल्याची कुरकुर किती, हे आज कोणास वेगळे काढता येणार नाही. २०२१ साली इंग्लंडमध्ये झालेली चाचणी या बाबतीत अधिक काळजीपूर्वक केलेली आहे. तीत ४७८ माणसे होती. सर्व जण कमीत कमी नऊ महिने, आणि बहुतेक कित्येक वर्षे औषध घेत असलेली, प्रकृती ठीक असलेली, औषध सोडण्याचा विचार करणारी. निम्म्यांचे औषध हळूहळू उतरवून थांबविले. वर्षअखेर थांबविलेल्यांत ५६ टक्के आणि चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के पुन्हा आजारी पडले. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. औषध राखते, हे खरे. पण राखूनही शंभरांतील ३९ जणांस आजार गाठतोच. आणि सोडल्यास धोका वाढतो, हेही खरे. पण शंभरांतील ४४ जण औषधावाचून वर्षभर ठीक राहतात. ते ४४ कोण हे आधी सांगण्याची विद्या अद्याप कोणापाशी नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. नैराश्याच्या औषधांत मुंबईचा वाटा केवळ सर्पगंधेपुरता नाही. गोरेगाव येथे १९६३ साली सीबा कंपनीचे संशोधन केंद्र निघाले, टी. आर. गोविंदाचारी हे मोठे रसायनशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. तेथे निट्रोक्साझेपीन हे इमिप्रमिनच्या जातीचे औषध जन्मास आले आणि १९८२ साली ‘सिंटामिल’ या नावाने भारतात विक्रीस आले. भारतातच घडलेले आणि भारतातच बाजारात आलेले हे नैराश्यावरचे औषध. आज ते कितीजणांस आठवते? के. ई. एम. मध्येच डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर योजून तिचे परिणाम १९७३ साली अमेरिकन नियतकालिकात मांडले होते. गोळीखेरीज काही असू शकते हा विचार आपल्याकडे आयात झालेला नाही, एवढ्यासाठीच त्याचा उल्लेख.

तथापि आपल्याकडील औषधव्यवहाराला वळण दिले ते एका कायद्याने. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट देणे बंद केले. मिळे ते फक्त बनविण्याच्या रीतीवर. २००५ पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेमुळे परदेशी औषधे येथे निराळ्या रीतीने बनून स्वस्त मिळू लागली. अमेरिकेत मध्यमवर्गास जड जाणारी गोळी रायपुरात शाळामास्तरास परवडू लागली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु स्वस्ताईबरोबर दुसरीही एक रीत आली. नैराश्यावरच्या गोळीतच क्लोनाझेपामसारखे चिंताशामक घालून एकच जोडगोळी विकण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली. या दोन द्रव्यांचे स्वभाव निराळे आहेत. चिंताशामक लगेच गुण देते, पण त्याची सवय लागते आणि ते फार दिवस घ्यावयाचे नसते. नैराश्याचे औषध गुण देण्यास दोनचार आठवडे घेते आणि ते काही महिने घ्यावयाचे असते. दोहोंस एका गोळीत बांधल्यावर एकाची मुदत दुसऱ्यास लागू होते. रुग्णास जी ‘सवय’ लागल्यासारखी वाटते ती कोणाची, हे त्यास कळावयास मार्ग उरत नाही.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले त्याकडे मराठी वाचकांचे लक्ष जावयास हवे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत गोव्याच्या जिल्हा रुग्णालयांत येणाऱ्या ४५० रुग्णांपैकी काहींस फ्लुऑक्झेटिन, काहींस निर्गुण गोळी आणि काहींस समुपदेशन दिले गेले. ही माणसे ‘मन उदास आहे’ म्हणून आलेली नव्हती. अंग दुखते, झोप नाही, अशक्तपणा आहे अशा तक्रारी घेऊन आली होती. दोन महिन्यांनी औषधाचा गुण निर्गुण गोळीहून अधिक दिसला. २०१७ सालच्या दुसऱ्या चाचणीत प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्ण होते. डॉक्टर नसलेल्या, पण शिकविलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ बैठकींत त्यांच्याशी बोलून, त्यांस रोजच्या कामांत पुन्हा गुंतवून उपचार केले, आणि तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के आजारमुक्त आढळले, दुसऱ्या गटातील ३९ टक्के. अशी माणसे आरोग्यकेंद्रात बसलेली असती, तर डॉक्टरांस चिठ्ठीखेरीज दुसरे काही हाताशी राहिले असते.

आमच्या छत्तीसगडात ती आजही विरळ आहेत. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर, आणि मनोरुग्णालयही नागपूरचे, १८६४ साली स्थापन झालेले. मग मध्यप्रदेश झाला आणि वाट ग्वाल्हेर-इंदूरची धरावी लागली. रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली निघाले. बिलासपूरजवळ सेंदरीचे मनोरुग्णालय मात्र राज्य झाल्यानंतरच आले. भारताच्या मानसिक आरोग्याच्या इतिहासात ‘रायपूर’चे नाव मोठ्या मानाने येते, पण ते आमचे रायपूर नव्हे, हरियाणातील रायपूर राणी या गावी चंदीगडच्या संस्थेने १९७५ पासून खेड्यांतच मनोरुग्णांवर उपचार करण्याचा प्रयोग केला, आणि त्याच्या अनुभवावर १९८२ चा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडचाही समावेश होता. देशभरात नैराश्याने आजारी असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के माणसे उपचाराबाहेर आहेत असे तीत आढळले. तेव्हा कोणी हा लेख वाचून ‘या गोळ्या लोक उगाच घेतात’ असे म्हणू लागेल, तर त्याने हा आकडा आधी वाचावा. ज्यांस हवी त्यांतील बहुतेकांस ती मिळत नाही. ज्यांस मिळते त्यांतील पुष्कळ जण गुण येण्यापूर्वीच सोडतात. आणि उरलेल्या थोड्यांस ती केव्हा सोडावी हे सांगणारा कोणी भेटत नाही. एकाच गल्लीत या तिन्ही गोष्टी नांदतात.

सोडण्याविषयी आज जे कळले आहे ते थोडे आहे, पण उपयोगाचे आहे. या औषधांची मात्रा आणि मेंदूवरील परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नसते. नेहमीच्या किमान मात्रेतच मेंदूतील सेरोटोनिन परत घेणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के जागा व्यापल्या जातात, हे टोरांटोतील चित्रणांनी २००४ साली दाखविले. त्यापुढे मात्रा दुप्पट केली तरी थोड्याच जागा वाढतात. उलट अगदी लहान मात्राही बऱ्याच जागा धरून असते. म्हणून २० मिलिग्रॅमवरून १० वर उतरताना माणसास फारसे जाणवत नाही, आणि तो धीर धरून ५ वरून एकदम शून्यावर येतो तेव्हा जिन्याची शेवटची पायरी पुरुषभर उंचीची निघते. २०१९ साली मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी यावरून असे सुचविले की मात्रा समान टप्प्यांनी नव्हे, तर उरलेल्या मात्रेच्या प्रमाणात, खाली जाताना अधिकाधिक लहान टप्प्यांनी, महिनोन् महिने उतरवावी. होरोविट्झ हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि स्वतः ही औषधे वर्षानुवर्षे घेऊन सोडण्याचा त्रास भोगलेले. ज्ञान या वेळी तरी घेणाऱ्याकडून आले. २०२४ साली या दोघांचा औषधे उतरविण्यावरचा संपूर्ण ग्रंथ निघाला. त्याच्या नावात मॉड्स्ली आहे. जेथे शेफर्ड यांनी सर्पगंधेच्या अर्काची ती विसरली गेलेली चाचणी केली होती, तेच हे मॉड्स्ली.

हे उतरणे स्वतःच्या मनाने, डॉक्टरांस न सांगता करावयाचे नव्हे. ज्यास पूर्वी वारंवार किंवा जिवावर बेतणारे नैराश्य आले आहे त्याच्या बाबतीत तर उतरावे की नाही हाच पहिला प्रश्न आहे, आणि न उतरणे हे त्याचे योग्य उत्तर असू शकते. पण ज्याने उतरावे असे डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी ठरविले त्याचीही सोय पाहू. नेदरलँड्समध्ये रोज किंचित कमी होत जाणाऱ्या मात्रांच्या पुड्यांची पट्टी औषधालयातून मिळू शकते. समता कॉलनीत एस्सिटालोप्रामची सहज मिळणारी सर्वांत लहान गोळी ५ मिलिग्रॅमची. सुरीने तिचे दोन भाग होतात, हात स्थिर असेल तर चार. त्याखालच्या पायऱ्या अजून कोणी बांधलेल्या नाहीत.